जयकेतूच्या आईचं कुंकू

मालवणच्या बंदरापासून कोसभरावर, माडांच्या आड दडलेल्या त्या वाडीत रुक्मिणीला कुणी वाईट म्हणत नसे. चांगलंही म्हणत नसत. ती आहे हेच लोकांच्या फारसं ध्यानात येत नसे. विहिरीवर बायका हसल्या की तीही हसे, पण जरा उशिरा, आणि बाकीच्या थांबल्या की तीही थांबे. आमटीत मीठ पडलं नाही तरी ती मुकाट जेवून उठे; सासूने घास थुंकला की मग हिला कळे, आमटी अळणी आहे. 'दगड आसा गो ह्या,' असं एकदोघी म्हणत. मला विचाराल तर दगड परवडला, तो निदान उन्हात तापतो.

तिचा नवरा महादू मंगळुरी कौलं भरलेल्या गलबतावर खलाशी होता. लग्नानंतर तो घरात राहिला तो एक पावसाळा, कारण पावसात गलबतं किनाऱ्यावर शाकारून ठेवतात. नारळी पुनव झाली, दर्याला नारळ दिला, आणि तो गेला. एक खेप करून परतला, दुसऱ्या खेपेला गेला तो गेलाच. वेंगुर्ल्याच्या खाली कुठेशी फळ्या लागल्या म्हणे. माणसं लागली नाहीत. हे पन्नास सालचं.

दर्यात गेलेल्या माणसाच्या बायकोसाठी शास्त्राने एक सोय करून ठेवली आहे. सोय म्हणायची की शिक्षा, ते ज्याने त्याने ठरवावं. प्रेत मिळालं तर रीतसर रडता येतं. नाही मिळालं तर बारा वर्षं वाट बघायची. तोवर बाई सवाष्ण. कुंकू लावायचं, हिरवा चुडा भरायचा, हळदीकुंकवाला जायचं आणि तिथे आपण होऊन जरा मागे बसायचं. बारा वर्षं सरली की भटजीला बोलवायचं, पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करायचा, त्याला गेलेल्याचं नाव द्यायचं आणि वाळूवर जाळायचा. मग तो मेला. मग ती विधवा.

महादूची बारा वर्षं बासष्टच्या कार्तिकात भरली. दाजी भटजी स्वतः चालत आले, ओटीवर टेकले, गूळपाणी घेतलं आणि महादूच्या आईला, तुळसाला म्हणाले, "तुळसाबाई, आता करून टाकायला हवं. अडकलेल्या जिवाला वाट मिळते."

"माझो झिल येतलो," तुळसा म्हणाली.

"बारा वर्षं झाली हो."

"होवंदेत. पुतळो जाळूचो तर आधी माका जाळा. मगे काय ता करा."

तुळसा म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. तरुणपणी नवरा गेला तेव्हा एकटीने महादूला वाढवलेली बाई. तिच्या तोंडाला वाडी भीत असे आणि देवळातला गुरवही तिच्यापुढे शब्द जपून टाकत असे. दाजी भटजींनी पंचा झटकला आणि आल्या वाटेने गेले.

रुक्मिणी मागच्या दारी भांडी घासत सगळं ऐकत होती. तिला तो विधी हवा होता. हे आताच स्पष्ट सांगून टाकतो, म्हणजे कुणी तिला सती-सावित्रीच्या ओळीत नेऊन बसवणार नाही. नवऱ्यावरचं प्रेम उडालं म्हणून नव्हे. उडायला ते बसलं होतं कधी? एका पावसाळ्याची ओळख. महादूचा चेहरासुद्धा तिला आता नीट आठवत नव्हता. आठवायचा तो त्याचा पाठमोरा सदरा. तिला एवढंच हवं होतं, की आपण कोण आहोत ते एकदाचं ठरावं. सवाष्ण तर सवाष्ण, विधवा तर विधवा. पण सासूसमोर हे बोलायचं कसं? पोरगा मेला असं म्हण, असं आईला कुठली सून सांगेल? तिने भांडी धुतली, पालथी घातली आणि चुलीकडे गेली.

शिमगा उरकला आणि भाई आला. भाई त्याच वाडीचा, महादूचा लांबचा चुलत भाऊ. गिरगावात त्याचा छोटासा छापखाना होता आणि डोक्यात कायम काहीतरी मोठं शिजत असे. ह्या खेपेला शिजत होती 'जयकेतूची सफर'. तीस-पस्तीस सालाकडची ती चित्रकथा. साप्ताहिकात दर आठवड्याला एक पान यायचं, नुसत्या काळ्या शाईत. जयकेतू नावाचा तरणाबांड दर्यावर्दी. त्याच्या बापाला चाच्यांनी पळवलेलं असतं, आणि बापाच्या शोधात तो एकेक बेट पालथं घालत जातो. भाईच्या पिढीची पोरं त्या पानासाठी आपसात मारामाऱ्या करायची. चित्रकार केव्हाच वारला होता. हक्क भाईने मिळवले होते, आणि आता त्याला ते पुस्तक रंगीत काढायचं होतं.

"आताच्या पोरांक काळा-पांढरा दाखवलास तर म्हणतत, ह्या काय, मेलेल्यांचा पुस्तक?" भाई ओटीवर बसून सांगत होता. "रंग होये! वयनी, तू वाडीतले गणपती रंगयतंस ते मी बघलंय. तुझो हात माका होयो."

मुंबईत रंग भरणारे काय कमी होते? पण ते महाग, आणि वर शहाणपणा शिकवणार. गावची वहिनी स्वस्त, आणि तोंडाने काही बोलत नाही. भाई स्वभावाने वाईट नव्हता, पण धंदा धंद्यासारखा करत असे.

काम असं होतं. पानं जाड कागदावर फिकट शाईत छापून आणलेली होती. रुक्मिणीने त्यांत रंग भरायचे. मग मुंबईचा ब्लॉकवाला तिचे रंग बघून लाल, पिवळा आणि निळा असे वेगवेगळे ब्लॉक करणार, आणि तिन्ही एकावर एक छापले की पुस्तक रंगीत.

"ह्या बरा झाला तर अशी आनीक जुनी पुस्तकां आसत," भाई म्हणाला. "पण मगे मुंबयक येवक होया. पानां अशी बोटीन धाडूक परवडाची नाय. ऱ्हवाक आमच्या घरात जागा आसा, बायल आसा, आवस आसा. वयनी, येतंस?"

रुक्मिणी काही बोलायच्या आत आतून तुळसाचा आवाज आला. "तिचो घोव इलो आणि ही घरात नाय गावली, तर मी तेका काय सांगू? मुंबयक रंग लावक गेली?"

भाईने विषय तिथेच सोडला. सोडणारच. वाट बघणारी बाई गाव सोडत नाही. सोडलं तर गाव म्हणतो, हिने विधी व्हायच्या आधीच नवरा मारून टाकला. म्हणजे सगळं येऊन अडकलं ते त्या पळसाच्या पुतळ्यापाशी. तो जळल्याशिवाय रुक्मिणीला उंबऱ्याबाहेरची वाट नव्हती, आणि तुळसा तो जाळू देणार नव्हती. रुक्मिणीने पानांचा गठ्ठा उचलला आणि पडवीत नेऊन ठेवला.

रुक्मिणीचं माहेर कुणकेश्वराकडचं. तिच्या बापाची, गंगारामची, गणपतीची शाळा होती. आमच्याकडे मूर्ती जिथे करतात त्या जागेला शाळाच म्हणतात. तिथे ती मराठी चौथीपर्यंतच्या शिक्षणापेक्षा जास्त शिकली. शाळेतली रीत अशी, की एक मूर्ती पुरी करून दुसरी हातात घ्यायची नाही. एक रंग कालवायचा आणि तो सगळ्या मूर्तींवर संपवायचा. आज सगळ्यांची पितांबरं, उद्या सगळ्यांचे शेले, परवा सगळ्यांचे मुकुट. कारण सरस घालून कालवलेला रंग दुसऱ्या दिवशी नासतो, आणि पुन्हा कालवला तर पहिल्यासारखा जमेलच असं नाही. मग एकाच वाडीतल्या दोन गणपतींचे शेले दोन तऱ्हेचे झाले की गिऱ्हाईक भांडायला येतं.

भाईने दिलेले रंग वड्यांचे होते, नासण्यातले नव्हते. पण हाताला जी सवय लागली ती लागली. रुक्मिणीने पानं पडवीभर पसरली, प्रत्येकावर एकेक गोटा ठेवला आणि एका रंगाने सुरुवात केली. कथा वाचायच्या भानगडीत ती पडली नाही. गणपती रंगवताना कुणी पुराण वाचतं का?

आधी समुद्र झाला. पानोपानी समुद्र. मग माणसांची अंगं. मग एका सकाळी तिने लाल घेतला. झेंडे, पागोटी, चाच्यांच्या कमरेचे शेले, जखमांचं रक्त आणि जयकेतूच्या आईचं कुंकू. ह्या आईला चित्रकाराने फार वेळा काढलं होतं. मुलगा तिकडे बेटावर लढतोय आणि कोपऱ्यातल्या चौकटीत आई दारात उभी, असं मधून मधून येई. सुरुवातीच्या पानांत तिच्या कपाळावर बारीक टिंब होतं. पुढेपुढे कपाळ कोरं होतं. रुक्मिणीचा हात थांबला नाही. गौरीचे मुखवटे रंगवताना बाप एकच गोष्ट बजावायचा, बाईचं कपाळ रिकामं सोडायचं नाही, अपशकून होतो. चित्रकार टिंब काढायला विसरला असेल असं धरून तिने प्रत्येक कपाळावर लाल टेकवला आणि पुढे सरकली.

ते दिवस रातांब्यांचे, कोकमाच्या फळांचे होते. तुळसा पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसून रातांबे फोडायची, बिया वेगळ्या आणि सालं सोलांसाठी वेगळी, आणि मनगटापर्यंत तिचे हात लाल होऊन जायचे. समोर एवढी चित्रं पसरलेली बघून म्हातारी किती दिवस गप्प बसणार?

"काय गो ता? वाच तरी," एके दुपारी ती म्हणाली.

तेव्हा रुक्मिणी वाचू लागली. रोज दुपारी हाताने हिरवा किंवा पिवळा भरायची आणि तोंडाने पहिल्या पानापासून पुढे वाचायची. वाचायची कशी, तर बाजारातले भाव सांगावेत तशी. "'दगाबाजा, सावध हो!' असे म्हणून जयकेतूने उडी घेतली." हे ती ज्या आवाजात वाचायची त्याच आवाजात "आये, चुलीत लाकूड लाव" म्हणायची. पण तुळसाला ते पुरत होतं. ती चाच्यांना शिव्या घालायची, जयकेतू जेवतो केव्हा म्हणून काळजी करायची, आणि दारातली आई दिसली की म्हणायची, "बघ बिचारी, अजून उबी आसा."

शेवटाकडच्या एका पानाशी येऊन रुक्मिणीने आधी मनात वाचलं. जयकेतू शेवटच्या बेटावर पोचतो. तिथला म्हातारा कैदी त्याच्या हातात बापाची आंगठी देतो आणि सांगतो, तुझा बाप इथे आला त्याच वर्षी मेला. तिने पानं मागे चाळली. बऱ्याच आधीच्या एका पानावर, कडेला छोट्या अक्षरांत, गावात बातमी पोचल्याचं आणि आईने सौभाग्यलेणं उतरवल्याचं लिहिलेलं होतं; वाचताना ते तिच्याकडून सुटलं होतं. म्हणून ती कपाळं कोरी होती. रुक्मिणीला आपली चूक कळली. एखाद्या रंगाऱ्याचा जीव खालीवर झाला असता. तिला एवढंच वाटलं, की चूक झाली.

"मगे?" तुळसाने विचारलं.

"पुढचा उद्या वाचतंय."

पण तुळसा उद्यापर्यंत थांबणाऱ्यातली नव्हती. तिने हात पदराला पुसले, सरकत आली आणि शेवटचं पान स्वतःच उचललं. तिला अक्षर येत नव्हतं, पण चित्रं वाचायला अक्षर कशाला लागतं? मुलगा आईच्या पायांशी बसला होता, आईचा हात त्याच्या डोक्यावर होता, आणि आईच्या कपाळावर रुक्मिणीच्या हातचं ठसठशीत कुंकू होतं.

"बघ!" तुळसा म्हणाली. "कपाळार कुकू आसा. म्हणजे घोव इलो. घरात आसतलो, चितारूक नाय. ती थांबली म्हणान गावलो तेका. आणि हयसर सगळ्यांका घाई!"

रुक्मिणीने तिच्याकडे पाहिलं. आता खरं सांगायचं, तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्या तोंडापर्यंत आलंच नाही. दुसऱ्या दिवशी तुळसाने ती गोष्ट विहिरीवर सांगितली, तिसऱ्या दिवशी देवळात, आणि दाजी भटजी वाटेत भेटले तेव्हा त्यांनाही सुनावली. रुक्मिणी उद्या दुरुस्त करू म्हणत राहिली, आणि उद्या-उद्या करता करता भाईचा माणूस येऊन पानं घेऊन गेला.

वैशाखात भाई स्वतः बोटीने आला, तो पानांचा गठ्ठा बगलेत मारून हसतच अंगणात शिरला. "वयनी, काय केलंस गो ह्या! अख्ख्या पुस्तकात एक विधवा, आणि तिकाच कुकू लायलंस! ब्लॉकवालो माका विचारता, घोव मेलो तो माणूस कोण मगे?"

तुळसा तिथेच होती. सूप तिच्या हातात होतं. ते तिने खाली ठेवलं.

"मेलो?" ती म्हणाली.

"बापूस? मेलो ना काकी. तुमका ठावक नाय? बेटार नेल्यान आणि तेच वर्सा मेलो." भाईला कशाचा पत्ताच नव्हता, तो सदरा काढून वारा घेत होता. "पण वयनी, रंग मात्र असो भरलंस की ब्लॉकवालो सुद्दा वाखाणता. एवढी कपाळां नीट करून दी. पावसाआधली शेवटची बोट आसा, तिने मी परत जातलंय. आणि तू येवचा ठरव. ह्या बोटीन नाय तर मगे दिवाळीपर्यंत वाट नाय."

रुक्मिणी चहा टाकायला उठली. भाई चहा घेऊन आपल्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणी कुंकू काढायला बसली. लाल रंग पुसला जात नाही. कागद त्याला पिऊन बसलेला असतो. आधी ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडायचं, कागद फाटता कामा नये. मग त्यावर अंगाचा रंग जाड कालवून द्यायचा. तो वाळला की खालचा लाल पुन्हा वर येतो आणि कपाळावर गुलाबी डाग दिसतो. मग दुसरा हात. मग तिसरा. तोवर पहिलं पान बाजूला, दुसरं पुढ्यात. रुक्मिणी काम करत होती आणि तुळसा समोर बसली होती. रातांबे पुढ्यात होते, पण ती फोडत नव्हती. नुसती बघत होती.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "सगळी पुसलंस?"

"व्हय."

"झिल घराक येता, मगे ती माय काय करता?"

रुक्मिणीने शेवटचं पान पुढे ओढलं आणि खालची ओळ पाहिली. "काय नाय. तेका जेवूक वाढता."

तुळसाने मान हलवली. मग उठली, गुडघ्यांवर हात टेकत, आणि दारापर्यंत गेली. तिथून म्हणाली, "बाबूक दाजी भटजींकडे धाड. म्हणा, काय दीस बघूचो तो बघा."

बाबू म्हणजे शेजारच्या घरातला, महादूचा चुलत पुतण्या. अग्नी त्यानेच दिला. सकाळी भरती उतरल्यावर सगळे वाळूवर गेले. दाजी भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस बांधला, नारळाचं डोकं केलं, आणि महादूचं नाव घेऊन त्याला हाक मारली. तुळसा तेव्हा खाली बसली. बायकांनी तिला धरलं. पानं हिरवी होती, जळताना धूर फार झाला, सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. रुक्मिणीच्याही आलं, धुराचं. बायका तिचं कुंकू पुसायला पुढे आल्या, तर तिने पदराने आपणच पुसलं, आणि बांगड्या फोडायला हात पुढे केला. तिला काही वाटलं नाही. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तो क्षण आला आणि शेजारच्या घरातली गोष्ट असल्यासारखा निघून गेला. परतताना बायका आपसात कुजबुजल्या, की एवढी कोरडी बाई आम्ही पाहिली नाही. खरंच होतं ते.

सुतक सरलं. रुक्मिणीने भाईला होकार दिला. आता कोण अडवणार? वाडीने नाकं मुरडली, की पुतळ्याची राख निवली नाही आणि ही चालली मुंबईला. पण वाडीने नाक मुरडलं नाही असं काय आहे? पत्र्याच्या ट्रंकेत तिने दोन लुगडी ठेवली, ब्रश ठेवले. संध्याकाळची वेळ होती. तुळसा कंदिलाची काच पुसत बसली होती. काच पुसून स्वच्छ झाली तरी ती पुसतच होती.

"रुक्मिणी," ती म्हणाली, "जातंस तर एक ऐकान जा. माझो झिल येवचो नाय, ह्या माका पैल्याच पावसात कळला हुता."

रुक्मिणी ट्रंकेपाशीच थांबली.

"आवशीक कळता गो. मी कधी त्येची वाट बघूक नाय. लोकांका सांगत ऱ्हवलंय."

"मगे विधी कित्याक करूक दिलंस नाय?"

"विधी झालो की तू जातलंस, ह्या दिसत हुता. तुका म्हायेर आसा, हातात कला आसा. माका कोण आसा? तुझ्या कपाळाक कुकू आसा तवसर तू माझ्या घरात. म्हणान तुका धरून ठेवलंय." तिने काच कंदिलात बसवली. "ती चितारलेली बायल बघलंय. तिका कोणी धरून ठेवूक नाय हुता. तू माझ्यासमोर बसान एकेक कपाळ पुसत हुतंस. तोंडातसून एक शब्द नाय. तेव्हा माझी माकाच शरम वाटली."

रुक्मिणीला राग आला. तिने ट्रंकेचं झाकण धाडकन बंद केलं. एखादं वर्ष समजण्यासारखं होतं. पण एवढी सगळी? ह्या बाईचं मन राखायचं म्हणून ती रोज आरशासमोर उभी राहून बोटाने कुंकू टेकवत आली, हिचा मुलगा जिवंत ठेवायचा म्हणून आपण अर्धमेली होऊन राहिली, आणि हिला सगळं ठाऊक होतं! तिला ओरडायचं होतं. काय ओरडायचं ते सुचेना, कारण ओरडण्याची सवयच नव्हती. ती उठली आणि अंधार पडेपर्यंत विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. त्यानंतर निघेपर्यंत ती तुळसाशी एक शब्द बोलली नाही.

तुळसाने सोलं बांधून दिली, सुके बांगडे बांधून दिले, कुळथाचं पीठ दिलं. रुक्मिणीने सगळं मुकाट ट्रंकेत भरलं. निघायच्या दिवशी ती उंबऱ्याशी वाकली, ते रीत म्हणून, आणि पायांना हात लावला न लावला अशी उठली. तुळसा बंदरावर आली नाही. दारातून एवढंच म्हणाली, "सांबाळान जा गो." रुक्मिणी भाईच्या मागोमाग पाणंदीला लागली. राग धरूनच गेली.

मालवणला बोट धक्क्याला लागत नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहते, आणि माणसांना पडावात बसवून तिच्यापर्यंत नेतात. पडाव ट्रंकांनी, फणसांनी आणि रडणाऱ्या पोरांनी भरला होता. भाई पुढच्या टोकाला सामान मोजत होता. रुक्मिणीच्या शेजारी एस्पेरांसाबाई बसल्या होत्या, शेजारच्या वाडीत राहणाऱ्या शाळामास्तरीण. त्या आपल्या भावाकडे मुंबईला निघाल्या होत्या. वल्ही पडली, किनारा मागे सरू लागला, आणि रुक्मिणीला माडांच्या रांगेत आपली वाडी ओळखू आली. घर दिसत नव्हतं. पण ह्या वेळी तुळसा काय करत असेल ते तिला ठाऊक होतं. चूल पेटवत असेल. तांदूळ किती घ्यायचे ते म्हातारीला समजत नसेल. हात सवयीने दोघींचे घेईल, मग एक मूठ परत डब्यात टाकेल.

मेलेल्या माणसाची किती वर्षं वाट बघायची ते शास्त्रात सांगितलेलं आहे. जिवंत माणसाला एकटं टाकून निघाल्यावर काय करायचं, ते कुठल्या भटजीने तिला सांगितलं नव्हतं.

रुक्मिणी रडायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि मग तो आवरेना. पडावातली माणसं बघायला लागली, पोरं रडायची थांबली. राग होता तसाच होता, आणि त्याच्या खालून हे दुसरं उसळून येत होतं, पदराने तोंड दाबलं तरी येत होतं. भाई घाबरून मागे वळला. तिच्या कोऱ्या कपाळाकडे बघून सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

"रड गो, रड," एस्पेरांसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "इतकी वर्सा पोटात ठेवलंस. गेलेल्या माणसाक रडूकच होया."

रुक्मिणीने जोराने मान हलवली. शब्द फुटायला वेळ लागला.

"गेलेल्याक नाय बाये," ती म्हणाली. "माझी सासू जिती आसा. थंय घरात एकटी बसली आसा."